पलीकडे खुर्मा आहे

माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे खजूर भरून ठेवलेत, असं पप्पांनी सांगितलं होतं, आणि भिंतींच्या बाबतीत पप्पा कधी चुकत नसत. ओमानमधल्या सहम गावाच्या मोठ्या रस्त्यावर त्यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं. म्हणजे पाटी अर्बाबच्या नावाची, परवाना अर्बाबचा, आणि सकाळी शटर उघडण्यापासून संध्याकाळी वाळूच्या ढिगावर ताडपत्री ओढण्यापर्यंतचं सगळं काम पप्पांचं. अर्बाब म्हणजे मालक, आमचा व्हिसाही त्याच्याच नावावर. त्याची गावात सात-आठ भाड्याची घरं होती. त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा पप्पांच्या कमरेला असे. कुणी भाडेकरू आला की पप्पा पोत्यावरची धूळ झटकून उठत, घर दाखवायला जात आणि जाता जाता प्रत्येक भिंतीवर बोटाचं पेर वाजवून बघत. भरीव, पोकळ, ओल धरलेली, आत पाइप गेलेली, हे त्यांना आवाजावरून कळे. ही सवय मला लागली ती त्यांच्याकडूनच. आज मस्कतमधल्या कचेरीत मी दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासते, आणि नव्या जागेत गेले की माझं बोट आपोआप भिंतीकडे जातं. मग मी हात खिशात घालते. का, ते पुढे येईलच.

दुकानावरच्या दोन खोल्यांतून आम्ही त्या घरात गेलो तेव्हा मी दहावीत होते. घर जुनं, बैठं, खूप लांबट. पुढे अंगण, अंगणात एक बोरीचं झाड, आणि अंगणाच्या भिंतीवर पहाटे येऊन बसणाऱ्या समुद्रपक्ष्यांची घाण. समुद्र दिसत नसे, पण मासळी सुकवल्याचा वास दुपारी वाऱ्याबरोबर आत येई आणि मम्मीला वसईची आठवण होई. माझ्या वाट्याला अगदी शेवटची खोली आली होती. लांब, उंच छताची, भिंतीत कोनाडे असलेली. तिच्या मागच्या भिंतीवर दाराएवढी जागा रंगाने जरा वेगळी दिसत असे, नवा चुना जुन्यात मिसळलेला नव्हता. पप्पांनी तिथे पेर वाजवलं आणि लगेच सांगितलं, "चार इंची ब्लॉक. हे आपलेच. मागच्या महिन्यात अर्बाबने तीसएक ब्लॉक नेले होते, ते इथं लागले." दार का बुजवलं, असं मम्मीने विचारलं. पप्पांनी तेच अर्बाबला विचारलं होतं. अर्बाब अरबी मिसळलेल्या हिंदीत बोलायचा. "पीछे खुर्मा है," तो म्हणाला होता, "उधर नहीं जाना, नहीं देखना. खलास." पप्पांना शीरखुर्मा माहीत होता. रत्नागिरीचा हनीफचाचा, जो दुकानाचा ट्रक चालवायचा, दर ईदला डबा भरून आणायचा, आणि खुर्मा म्हणजे खजूर हे त्यानेच आम्हाला सांगितलेलं. इथल्या जुन्या घरांत खजुराची वेगळी खोली असतेच. तेव्हा विषय तिथेच संपला. अर्बाबला दुसऱ्यांदा विचारलेलं कधी चालत नसे, आणि पप्पांना विचारायला आवडत नसे.

मम्मीला ते घर पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. नळाचं पाणी खारट, कितीही झाडलं तरी चादरीवर रेती, आणि माझ्या खोलीत एक गोड, जुना वास. लोबानचा आणि आजाऱ्याच्या अंथरुणाचा मिळून होतो तसा. पप्पा म्हणत, खजुराचा. आजीने वसईहून कुटून पाठवलेला मसाला घालून मम्मीने सुरमईची आमटी केली, ती सगळ्यांना वाढली, आणि जेवण झाल्यावर भांडी आवरताना शांतपणे सांगून टाकलं की या घरात आणखी एक काही झालं तर ती मला घेऊन वसईला जाईल, दहावी तिथेच होईल. पप्पा ताटातले काटे बाजूला करत राहिले. आधीची सहा वर्षं ते इथे एकटे राहिले होते. दुकानामागे पत्र्याच्या खोलीत, डाळ-भात शिजवून. आम्ही आल्यापासून ते घरात शीळ वाजवायला लागले होते. ती शीळ बंद पडू नये, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

म्हणून ठोक्यांचं मी कुणाला सांगितलं नाही.

त्यांची सुरुवात बहुधा माझ्याकडूनच झाली. गणित अडलं की पेन्सिलीची मागची बाजू दोनदा आपटायची मला सवय होती. टेबल त्या बुजवलेल्या दाराला लागून होतं, त्यामुळे पेन्सिल भिंतीवर आपटायची. एका दुपारी, अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग होऊन गेल्यावर, भिंतीतून तीन ठोके आले. बारीक, स्वच्छ, चिनी मातीचं काहीतरी हळूच टेकवावं तसे. मी थांबले. मग वहीकडे बघत, जणू काही ऐकलंच नाही अशी, दोनदा पेन्सिल आपटली. थोडा वेळ गेला आणि एकच ठोका आला. पुन्हा काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तीन. माझे दोन. मग एक. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोनऐवजी चार ठोकले, तर पलीकडे एकदम शांत झालं, इतकं शांत की मला माझ्याच मानेमागे कुणी उभं असल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी कधी खोडी काढली नाही. दुपारी शाळेची बस मला सोडून जायची, जेवून मी खोलीत बसायची, आणि बांगेची वाट बघायची. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण शाळेत दिवसभर माझ्याशी स्वतःहून कुणी बोलत नसे, मीही कुणाशी बोलत नसे. इथे कुणीतरी ठरल्या वेळी माझ्याशी बोलत होतं आणि त्याला उत्तर म्हणून फक्त दोन ठोके पुरत होते.

मी चोरून शोधही घेतला. गच्चीवर कपडे वाळत घालताना वाकून बघितलं, तर मागच्या गल्लीच्या बाजूला एक खिडकी दिसली. आमच्या घरात त्या खिडकीची खोली नव्हती. खिडकीच्या फळ्या आतून बंद, आणि तिच्याखाली एसीचं पाणी थेंबथेंब गळून भिंतीवर शेवाळ आलेलं. त्या वाळवंटातलं मी पाहिलेलं ते एकमेव शेवाळ. पप्पांना एवढंच म्हटलं, मागे एसी चालू असतो. ते म्हणाले, खजुराला थंडावा लागतो, नाहीतर किडे पडतात. कधीकधी गल्लीत मोटार थांबल्याचा, लोखंडी दार कुरकुरल्याचा आवाज येई. खजूर न्यायला कुणी आलं असेल. प्रत्येक गोष्टीला खजूर पुरून उरत होते.

मम्मीने मात्र एकदा ऐकलं. सहममध्ये चर्च नाही, मिस्साला सोहारला जावं लागे, म्हणून रोजची रोजरी ती घरीच म्हणायची, आणि त्या दिवशी गारवा म्हणून माझ्या खोलीत बसली होती. दिवेलागणीची वेळ. तिने एक प्रार्थना संपवून दुसरीसाठी श्वास घेतला, आणि त्या मधल्या फटीत भिंतीपलीकडून पुटपुट ऐकू आली. त्याच लयीत, त्याच थकलेल्या सुरात. आणि मणी सरकल्याचा आवाज. मम्मीच्या माळेचे मणी तिच्या हातात स्थिर होते. तिने माझ्याकडे पाहिलं. पलीकडचा आवाज अजून दोन-तीन मणी पुढे गेला आणि थांबला, जणू तिकडेही कुणीतरी मान वळवून ऐकत होतं.

"तू ऐकलंस?" मम्मीने विचारलं.

"काय?" मी म्हणाले.

तिने सगळ्या कोपऱ्यांत पवित्र पाणी शिंपडलं, झावळीच्या पात्याचा क्रूस भिंतीवर लावला आणि पप्पांना उंदरांचं औषध आणायला सांगितलं. त्यानंतर तिने रोजरी स्वयंपाकघरात म्हणायला सुरुवात केली. मी खोटं बोलले याचं मला फार वाईट वाटलं नाही. न बोलण्याला मी तेव्हा खोटं धरत नसे.

जूनमधला तो शुक्रवार होता. मम्मी शेजारणींबरोबर मिस्साला सोहारला गेली होती. पप्पा दुकान बंद करून बाराला घरी आले. हनीफचाचा नमाज पढून जेवायला आमच्याकडे येणार होता, दर शुक्रवारी यायचा. मी गच्चीवरून कपडे काढायला गेले, आणि सवयीने वाकून बघितलं. शेवाळ सुकून भुरकं पडलं होतं. खालची जमीन कोरडी होती. एसी बंद होता, आणि तो नक्की एका दिवसापेक्षा जास्त वेळ बंद असणार. आदल्या दिवशी बांगेनंतर ठोकेही आले नव्हते. मी ते मनावर घेतलं नव्हतं. माझी चाचणी होती.

खाली येऊन मी भिंतीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग ठोका आला, पण नेहमीच्या जागी नाही. नेहमी तो माझ्या खांद्याच्या उंचीवर यायचा. आता जमिनीलगत, टेबलाच्या पायापाशी आला. एक. मग पुष्कळ वेळाने एक. मग खरवडल्यासारखं काहीतरी. मी खाली बसले, फरशीवर गाल टेकवला आणि दोनदा वाजवलं. पलीकडून घाईघाईने, वेडेवाकडे पाच-सहा ठोके आले आणि थांबले.

पप्पा अंगणात नखं कापत बसले होते. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा मला कळलं की हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल, आणि मग वसई. मी सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "बाय, उन्हात ब्लॉक तापतात. तापले की आवाज करतात."

"ब्लॉक मोजून आवाज करत नाहीत, पप्पा."

ते उठले. माझ्या खोलीत येऊन, गुडघे टेकून, त्यांनी भिंतीच्या तळाशी पेर वाजवलं. दोनदा. पलीकडून एक ठोका आला. आयुष्यभर भिंती वाजवल्या होत्या त्यांनी. भिंतीने उलट वाजवून दाखवण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्यांचा हात तसाच वर राहिला.

धावत मागच्या गल्लीत गेलो. लोखंडी दार आतून कडी लावलेलं. पप्पांनी हाका मारल्या, उत्तर नाही. अर्बाब सगळं घर घेऊन इब्रीला लग्नाला गेला होता, आणि नमाजाच्या वेळी त्याचा फोन वाजत राहिला. पप्पा दुकानातून घण आणि छिन्नी घेऊन आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. मारेनात. मी समजू शकत होते. ज्याच्या नावावर आम्ही त्या देशात होतो त्याची भिंत, त्याने बघू नको म्हणून सांगितलेली, एका मुलीच्या ऐकण्यावरून फोडायची होती. शेवटी फोन लागला. पप्पा मोठ्याने म्हणाले, "अर्बाब, पीछे कोई आवाज करता है." फोनमधून ओरडणं ऐकू आलं. पप्पांनी फोन कानापासून दूर धरला, गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "तो पुन्हा खुर्माच म्हणतोय. खुर्मा, खुर्मा."

तेवढ्यात हनीफचाचा डोक्यावरची टोपी काढत आत आला. त्याने फोन घेतला, ऐकलं, आणि दुसरा हात कपाळावर मारला.

"जोसेफभाय, खुर्मा नाय. हुर्मा. हुर्मा म्हणजे बाईमाणूस. त्याची काकी आहे आत. नवरा मेला तिचा, इद्दतीत बसलीय. चार महिने नि दहा दिस नवऱ्याचं घर सोडायचं नाय, परक्या पुरुषाला दिसायचं नाय. तो तुम्हाला पहिल्या दिसापासून तेच सांगत होता."

पप्पांनी घण उचलला. पहिल्याच घावात छिन्नी आरपार गेली, चार इंची ब्लॉकला लागतं तरी किती. तीन ब्लॉक आत ढकलले आणि भगदाडातून तो वास आला, लोबान, आजार, आणि भट्टीसारखी हवा. त्याबरोबर पप्पांनी घण खाली ठेवला आणि भिंतीकडे पाठ केली. हनीफचाचानेही. दोघं मोठे पुरुष शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे माझ्या खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "बाय, तू जा," पप्पा खिडकीलाच म्हणाले. "तूच जाऊ शकतेस."

मी सरपटत आत गेले. खोली माझ्या खोलीइतकीच लांब होती, कोनाडे तेच, फक्त उलट्या बाजूला. मला वाटलं मी आरशात शिरले. भिंतीलगत जमिनीवर एक म्हातारी बाई कुशीवर पडली होती. अंगावर साधा सुती पोशाख, एक दागिना नाही. तिच्या मुठीत कॉफीचा छोटा, बिनकानाचा पेला होता, बुडाशी टवका उडालेला. तिने डोळे उघडले ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे, भगदाडाकडे. माझ्यामागून कुणी येतंय का, हे ती बघत राहिली. कुणी येत नाही हे कळल्यावर तिने मला पाहिलं. पेला भिंतीला लावून तिने दोनदा वाजवला, माझ्यासारखा, आणि कोरड्या ओठांनी विचारलं, "इन्ती?"

शाळेतल्या अरबीत तेवढं मला येत होतं. तू? तू होतीस?

पप्पांना सगळं सांगून झालं होतं, तरी लपवायची सवय सुटली नव्हती. मी म्हणाले, "ला." नाही.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, मेली. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं. मी तिला पाणी पाजलं, कडी काढली, हनीफचाचाने गल्लीतून शेजारच्या बायकांना हाक मारली आणि त्यांनी तिला मोटारीत घातलं.

चार दिवसांनी ती इस्पितळातून परत आली. साखर उतरून चक्कर आली होती. डबा आणणारी पुतणी, शम्सा, लग्नाच्या गडबडीत दोन दिवस आलीच नव्हती, आणि एसी उन्हाने बंद पडला होता. अर्बाब मधल्या भिंतीला दार ठेवायला तयार होता. म्हातारीने नको म्हटलं. मुदत संपायला अजून तीन आठवडे होते, ते तिला होते तसेच हवे होते. पप्पांनी स्वतःच्या हाताने तीन ब्लॉक पुन्हा लावले. मम्मी वसईचं काही बोलली नाही. तिने फुगे, आमच्या वसईकडचे मैद्याचे गोळे, तळले आणि शम्साच्या हाती पाठवले. भूत नसून बाईच आहे म्हटल्यावर मम्मीला ते घर एकदम राहण्यासारखं वाटायला लागलं. पप्पांनी मला फक्त एवढंच सांगितलं की आता भिंत वाजवायची नाही, तिला त्रास नको.

फुग्यांचा डबा परत द्यायला शम्सा आली तेव्हा माझ्या खोलीत बसली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, कॉलेजात जाणारी, इंग्रजीत भराभर बोलणारी. खोलीभर नजर फिरवून म्हणाली, काका इथेच पडून असायचे, जिथे तुझं टेबल आहे तिथे. शेवटचं वर्षभर त्यांना बोलता येत नव्हतं. काकी तिकडे कॉफी करायची. अस्रनंतर पेल्याने दारावर तीनदा वाजवायची, म्हणजे कॉफी आणू का? ते काठीने दोनदा वाजवायचे, आण. मग ती एकदा वाजवायची. येते.

मी विचारलं नव्हतं तरी ती पुढे सांगत राहिली. काकी म्हणते, ते अजून उत्तर देतात. आम्हाला वाटलं, तुमच्याकडचं कुणी वाजवत असेल. पण ती म्हणते, मी त्या मुलीला विचारलं, आणि मुलगी नाही म्हणाली. ती मुलगी खोटं बोलणारी वाटली नाही. शम्सा हसली. "तेव्हापासून इतकी खूश आहे ती," म्हणाली.

ती बाई त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. मुदत संपल्यावर शम्साच्या घरी राहायला गेली, आणि दर उन्हाळ्यात आमच्या दारात खजुराची टोपली येत राहिली. खरोखरचे खजूर. पप्पा प्रत्येक वेळी म्हणत, खुर्मा आला. हे सगळं मी आता हसत सांगू शकते, आणि सांगतेही, एका शब्दाच्या चुकीची गोष्ट म्हणून. एवढ्यावरच थांबते. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शम्सा गेली त्याच दुपारची गोष्ट. मी टेबलापाशी बसले होते. भिंतीवर ओलं सिमेंट अजून गडद होतं. अस्रची बांग झाली. थोड्या वेळाने खांद्याच्या उंचीवर तीन ठोके आले, हळू, पण स्वच्छ. पेन्सिल माझ्यासमोर होती. वाजवलं तर माझ्या हातून तो मेलेला माणूस बोलणार होता. न वाजवलं तर तो त्या क्षणी कायमचा गप्प होणार होता, आणि तेही मीच केलेलं असणार. मला ठरवता आलं नाही. मी पेन्सिल डब्यात ठेवली, डबा बंद केला, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि श्वाससुद्धा आवाज न करता घेतला. अंगणात पप्पा शीळ घालत होते, मग तेही थांबले. मी काही वाजवलं नाही. हे मी आज, या वयातही, शपथेवर सांगेन.

बराच वेळ गेला. तेवढाच, जेवढा नेहमी जायचा.

मग पलीकडून एक ठोका आला.

येते.